विनोदाचे पुढील पर्व

दूरचित्रवाणीवरील एखाद्या विनोदी मालिकेचे एक पर्व संपून दुसरे सुरू झाले, म्हणजे हा सारा नव्या काळाचा खटाटोप आहे असे पुष्कळांस वाटते. परंतु तिचे मूळ शोधू गेल्यास आपणांस सांगलीच्या दरबारात जाऊन पोहोचावे लागते.

१८४२ साली कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांस तशाच धर्तीचा परंतु अधिक नेटका मराठी खेळ उभा करण्यास सांगितले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगले. पुढे रामायणातील एकेक आख्यान क्रमाने येत गेले. म्हणजे ही मालिकाच म्हणावयाची. यांतील रचना मोठी विचार करण्याजोगी आहे. पदे भाव्यांनी रचून ठेवावयाची, ती सूत्रधाराने म्हणावयाची, आणि भाषणे मात्र पात्रांनी आयत्या वेळी आपापल्या अकलेने करावयाची. त्यातही विदूषकास सर्वांहून अधिक मोकळीक. अंगास पाला बांधून तो येई, सूत्रधाराशी नाही नाही ते वाद घाली, आणि मग कथा पुढे सरके. चौकट कायमची आणि थट्टा रोजची, अशी ही वाटणी होती.

१८५१ साली चिंतामणरावांचे निधन झाले आणि राजाश्रय सुटला. मंडळी गावोगाव फिरू लागली. १८५३ साली मुंबईस तिकिटे लावून खेळ झाले. आम्हांस वाटते, मराठी विनोदाच्या इतिहासात ही घटना पहिल्या खेळाइतकीच महत्त्वाची आहे. एका धन्याची मर्जी सांभाळणे निराळे आणि पैसे मोजून आलेल्या अनोळखी गावास हसविणे निराळे. मात्र फिरतीचा एक मोठा लाभ असा की, सांगलीस शिळी झालेली कोटी पुण्यास ताजी असे. विनोद नवा करण्याऐवजी गाव नवे करावयाचे!

तमाशाच्या फडांनी हीच युक्ती पुढे कितीतरी वर्षे चालविली. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे बंधू ‘जहरी प्याला’ या वगातील हवालदारांच्या सोंगांनी महाराष्ट्रभर ओळखले गेले. पावसाळ्यात फड थांबावयाचा, दसऱ्यास पुन्हा निघावयाचा. जत्रेच्या सुपाऱ्या गावच्या पुढाऱ्यांनी द्यावयाच्या. पुढील वर्षी त्याच गावाने बोलावणे धाडले, तर पर्व वाढले! वग तोच, परंतु बतावणीत त्या गावच्या घडामोडी येत, म्हणून तो पुनःपुन्हा पाहण्यातही रुची राही.

सांगलीशेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी निराळी वाट धरली. त्यांचे ‘फाल्गुनराव’ १८९३ साली गद्य रूपात आले. त्याचे मूळ इंग्रजीत, आणि इंग्रजीचे मोलियेरकडे. तेच कथानक पदे घालून १९१६ साली ‘संशयकल्लोळ’ या नावाने पुन्हा रंगभूमीवर आले. नूतनीकरणाचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. त्यास तेवीस वर्षांचा अवकाश मिळाला होता, हे विसरून चालणार नाही.

दूरचित्रवाणीस तो अवकाश नाही, आणि फिरतीही नाही. एक कोटी एकाच रात्री साताऱ्याच्या चावडीपासून मुंबईच्या चाळीपर्यंत पोहोचते आणि तेथेच खर्ची पडते. म्हणून लेखक आठवड्याच्या आठवड्यास नवे प्रहसन लिहितात. तालीम, चित्रण, संकलन यांची घाई चालते. प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्यास येतात, आणि वाहिनीने वाढीव भाग मागितले तर पुढचे पर्व. २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ने येथे जुन्याच वाटणीचा आधार घेतला. गाव कायमचे, पोस्टमन कायमचा, आणि दर खेपेस नव्या चित्रपटाचे पाहुणे!

भाव्यांची पदे १८८५ साली ‘नाट्यकवितासंग्रहा’त छापली गेली, ती आजही वाचावयास मिळतात, विदूषकाचे आयते बोल मात्र त्या त्या रात्रीबरोबर गेले. आजचे भाग जसेच्या तसे जतन होतात, आणि त्यामुळेच पुढच्या लेखकास जुनी कोटी पुन्हा वापरण्याची सोय उरत नाही. ‘चला हवा येऊ द्या’ दहा वर्षांनी, २०२४ साली, थांबले; २०२५ साली ते परतले तेव्हा नाव तेच होते, सूत्रधार मात्र बदलला होता.