तापोळा आणि शिवसागर जलाशय: परळहून लाँचपर्यंत

तापोळा हे सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर तालुक्यातलं गाव. सोशल मीडियावर ते ‘मिनी काश्मीर’ म्हणून ओळखलं जातं. समोर दिसणारं पाणी मात्र नैसर्गिक तलावाचं नाही, ते कोयना धरणाचं आहे.

हा जलाशय कसा तयार झाला?
कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावून दक्षिणेकडे वाहते. १९६० च्या दशकात हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीचं धरण पूर्ण झालं आणि मागे सुमारे ५० किलोमीटर लांब शिवसागर पसरला. त्याची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. खोऱ्यातली अनेक गावं पाण्याखाली गेली. काही कुटुंबांचं इतर जिल्ह्यांत पुनर्वसन झालं, तर काही डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली.

परळशी काय संबंध?
सातारा जिल्ह्यातले असंख्य लोक गिरणीकामासाठी परळ-लालबागला आले. गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपून त्यांनी दिवस काढले. धरणानंतर जुन्या वाटा बुडाल्या आणि पलीकडच्या काठावर घर असलेल्या चाकरमान्याचा शेवटचा टप्पा लाँचचा झाला. पर्यटकाची बोट ही इथल्या माणसाची एसटी आहे!

कसं जायचं?
परळहून सातारा सुमारे २५० किलोमीटर. तिथून कास पठारामार्गे बामणोलीला जाता येतं. दुसरा रस्ता महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरतो, अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. दोन्ही ठिकाणी बोट क्लब आहेत. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांचा संगम आणि दत्तमंदिर पाहण्यासाठी बोटी मिळतात. गाड्या पलीकडे नेण्यासाठी तराफाही चालतो.

वासोट्याला जायचं असेल तर?
वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात येतो. बामणोलीतून वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. बोटीला साधारण तास-दीड तास लागतो आणि त्यानंतर जंगलातली चढण आहे. मुक्काम करता येत नाही, म्हणून सकाळीच निघावं. पावसाळ्यात किल्ला बंद असतो.

हे लक्षात ठेवा
लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत बसू नका. सेल्फीसाठी सगळे एका बाजूला गेले, तर बोट कलंडू शकते. पाणी खोल आहे, काठ निसरडे आहेत, त्यामुळे अनोळखी जागी पोहायला उतरू नका. लाँचमध्ये आधी गावकऱ्यांना जागा द्या. तुमची सहल उद्याही होईल, त्यांना आज घरी पोहोचायचं असतं.