फोन हातात नव्हता

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. तुम्हाला माहितीये, प्रत्येक भागाच्या शेवटी मी तीन प्रश्न विचारते आणि पहिल्या पाच बरोबर उत्तरं देणाऱ्यांची नावं पुढच्या भागात घेते. गेल्या वेळी चौथ्या नंबरवर आलेलं उत्तर अगदी अचूक होतं, सालासकट. पण त्या आवाजामागे अजून एक आवाज होता. टिक-टिक, टिक-टिक. मी दोनदा ऐकलं. गाडीचा इंडिकेटर! मग मागून ट्रकचा लांबलचक हॉर्न, आणि आमचा श्रोता शांतपणे पानिपतची तारीख सांगतोय.

त्याचं नाव मी आज घेत नाहीये. रागवू नकोस रे. चूक अर्धी माझीच आहे, ती कशी हे शेवटी सांगते.

त्याला नावं ठेवायचा मला फारसा अधिकारही नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी कर्वे रोडवरून स्कूटरवर घरी येत होते. डोक्यावर हेल्मेट, दोन्ही हात हँडलवर, स्पीड फार तर तीस. कानात ब्लूटूथ आणि पलीकडे माझा आत्तेभाऊ, त्याच्या लग्नाच्या हॉलवरून सुरू असलेल्या घरच्या भांडणाचं सविस्तर वर्णन करत होता. समोरून एक आजोबा रस्ता ओलांडत होते. मी ब्रेक मारला तेव्हा माझं पुढचं चाक त्यांच्या पिशवीला लागलं होतं. पिशवीतले टोमॅटो रस्त्यावर. आजोबांना काही झालं नाही. ते ओरडलेही नाहीत. फक्त म्हणाले, “अगं, बघत तर होतीस माझ्याकडेच!”

आणि खरंच, मी बघत होते. माझी मान त्यांच्याच दिशेला होती. पण ते मला दिसले नव्हते. हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही, आणि त्यातूनच हा भाग तयार झाला.

गाडीत फोन आधी अमेरिकेत आला, त्यामुळे सुरुवात तिकडून करावी लागेल. पण गाडीत लक्ष विचलित करणारी वस्तू म्हणून फोनच्याही आधी बदनाम झाला तो रेडिओ. १९३० मध्ये पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. ‘मोटर’ला त्या काळच्या ग्रामोफोनच्या नावांसारखी शेपूट जोडलेली. हो, तीच पुढची फोनवाली मोटोरोला! लगेच ओरड सुरू झाली. गाणी ऐकताना ड्रायव्हरला झोप लागेल, बटण फिरवताना गाडी झाडावर जाईल. काही ठिकाणी गाडीतल्या रेडिओवर बंदी आणायचे प्रस्तावही आले. ते टिकले नाहीत.

मग १७ जून १९४६. सेंट लुई शहरात बेल कंपनीने गाडीतल्या फोनची सेवा सुरू केली. यंत्र जवळपास ३६ किलोचं! मोटारीच्या डिकीत ठेवायचं आणि बोलायचा रिसीव्हर पुढे. इथे एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्टिन कूपर हे नाव ऐकलं असेल. ३ एप्रिल १९७३ ला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या मोबाइलवरून पहिला कॉल करणारे ते हेच, मोटोरोलाचे इंजिनिअर. त्यांनीच नंतर सांगितलंय की १९६० च्या दशकात मिशिगन राज्यातल्या एका आयोगासमोर त्यांची साक्ष झाली होती आणि तिथे त्यांनी सुचवलं होतं की गाडी चालू असताना नंबर फिरवताच येऊ नये, डायलला कुलूप हवं. म्हणजे ज्याने मोबाइल केला, त्याला धोका आधीच दिसला होता. फक्त त्याला धोका बोटात दिसला. डोक्यात नाही.

डोक्यातला धोका मोजायला एक वेगळाच माणूस पुढे आला. जॉन सेंडर्स. मला तर या माणसावर वेब सिरीज हवीये. त्याच १९६० च्या दशकात या संशोधकाने एक हेल्मेट बनवलं. त्याला पुढे एक धुरकट झडप, जी ठरावीक वेळाने डोळ्यांसमोर पडायची, मग क्षणभर वर जायची, परत पडायची. हे हेल्मेट घालून हा गृहस्थ बॉस्टनजवळच्या रूट १२८ या हायवेवर खरीखुरी गाडी चालवत होता. डोळ्यांवर झडप! बाजूने बाकीच्या गाड्या जातायत! त्याची फिल्म आजही बघायला मिळते. बघताना हसूही येतं आणि पोटात गोळाही येतो.

प्रश्न साधा होता. सुरक्षित गाडी चालवायला रस्त्याकडे किती वेळा बघावं लागतं? उत्तर असं की झडप पडली की समोर काय असेल याबद्दलची खात्री दर क्षणाला कमी होत जाते. वेग जास्त किंवा रस्ता वळणाचा असेल तर ती झपाट्याने कमी होते. झडप जास्त वेळ खाली राहिली की ड्रायव्हर आपोआप वेग कमी करतो, कारण त्याला भीती वाटते. हे ‘भीती वाटते’ महत्त्वाचं आहे. सेंडर्सला माहीत होतं की आपल्याला काही दिसत नाहीये. मला कर्वे रोडवर ते माहीतच नव्हतं.

२०११ मध्ये सेंडर्सना या प्रयोगासाठी इग नोबेल मिळालं, आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. तेव्हा त्यांचं वय होतं ९१.

आता १९६९, इंग्लंड. इव्हान ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ ड्रायव्हरना एका ट्रॅकवर गाडी चालवायला दिली. वाटेत दोन अडथळ्यांमध्ये फटी ठेवलेल्या. काही गाडी जाईल एवढ्या, काही गाडीपेक्षाही अरुंद. जाईल असं वाटलं तर जायचं, नाहीतर बाजूने वळायचं. त्याच वेळी फोनवरून त्यांना वाक्यं ऐकवायची आणि ती बरोबर की चूक ते विचारायचं. फोन हातात नाही, बरं का. निष्कर्ष काय आला? स्टिअरिंग फिरवणं वगैरे सवयीच्या गोष्टींवर फारसा फरक पडला नाही. बिघडला तो अंदाज. जिथून गाडी जाणार नाही तिथे लोक घुसवायला लागले.

साल परत सांगते, १९६९. माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी हे कळलं होतं की फोन हातात नसला तरी अंदाज चुकतो. आपल्याकडे तेव्हा घरच्या फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसत होते.

यानंतरचा पुरावा पटापट सांगते. १९९७ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी मोबाइल असलेल्या आणि अपघात झालेल्या ६९९ ड्रायव्हरांची फोनची बिलं तपासली. बोलत असताना अपघाताचा धोका साधारण चौपट, आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना काही खास सवलत मिळालेली दिसली नाही. मग युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी सिम्युलेटरमध्ये ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. हँड्सफ्रीवर बोलणाऱ्याची नजर रस्त्याकडेच्या बोर्डावर जाते, थांबतेही. पण नंतर विचारलं, हा बोर्ड पाहिला होता का, तर आठवत नाही. वाचताना मी थांबलेच. बघत तर होतीस माझ्याकडेच!

एक शंका तुमच्याही मनात आली असेल. मग शेजारी बसून बडबडणाऱ्या मित्राचं काय? स्ट्रेयर यांच्या गटाने तेही तपासलं. ठरलेल्या ठिकाणी हायवेवरून बाहेर पडा असं सांगितलं होतं. फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ते ठिकाण चुकले, मित्र शेजारी असलेले बहुतेक जण बरोबर बाहेर पडले. कारण शेजारच्यालाही रस्ता दिसतो. गर्दी आली की तो गप्प बसतो, ‘अरे, डावीकडे’ म्हणतो. माझ्या आत्तेभावाला आजोबा दिसणं शक्यच नव्हतं.

आणि आता ती गोष्ट, जी सांगताना मला दोनदा रेकॉर्डिंग थांबवावं लागलं. २२ सप्टेंबर २००६, युटा राज्य. सकाळची वेळ, पाऊस. १९ वर्षांचा एक मुलगा कामावर निघालाय. त्याची गाडी मधली रेषा ओलांडून समोरच्या गाडीला घासली, ती गाडी फिरली आणि दुसऱ्या ट्रकवर आपटली. आतले दोन शास्त्रज्ञ जागच्या जागी गेले. दोघंही कामावरच निघाले होते. मुलगा म्हणाला, मी फोनवर नव्हतो. पोलिसांनी चिकाटीने फोनचा रेकॉर्ड मिळवला. त्या प्रवासात त्याचे आणि त्याच्या मैत्रिणीचे अकरा मेसेज झाले होते. खटल्याआधीच्या सुनावणीत लक्षाचं विज्ञान समजावून सांगायला स्ट्रेयर स्वतः उभे राहिले. २००९ मध्ये मुलाने गुन्हा कबूल केला. शिक्षा ३० दिवसांची, कारण मेसेज करत गाडी चालवण्याला तोवर तिथे वेगळा कायदाच नव्हता. मग तोच मुलगा आमदारांसमोर जाऊन स्वतःची गोष्ट बोलला, आणि युटाने अमेरिकेतला त्या वेळचा सगळ्यात कडक कायदा केला. मेसेजमुळे मृत्यू झाला तर १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास.

मी त्याचं नाव मुद्दाम घेत नाहीये. तो वाईट मुलगा नव्हता. तुमच्या-माझ्यासारखाच होता, हीच तर अडचण आहे.

त्याच वर्षी, २००९ मध्ये, व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांचा ट्रकचालकांवरचा अभ्यास आला. मेसेज करताना सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद नजर रस्त्यावर नसते. ताशी साठच्या वेगाने एवढ्यात गाडी सुमारे ७७ मीटर पुढे जाते. क्रिकेटची पिच साधारण २० मीटरची, म्हणजे जवळपास चार पिच. डोळे मिटून.

आता आपल्याकडे येऊ. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा, कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केलेला. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, आणि मला वाटतं तिथूनच आपल्या रस्त्यांवर ते दृश्य सुरू झालं, मान वाकडी, खांदा वर, मध्ये फोन. पुढे फोन हेल्मेटमध्ये खोचला जाऊ लागला. अमेरिकेत चारचाकीत जे तपासलं ते आपण दोन चाकांवर, खड्डे चुकवत, मागे आईला बसवून करतो.

कायद्याचं बघा. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरायच्या फोनचा स्पष्ट उल्लेख आला. पहिल्या वेळी १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. २०२० मध्ये नियमांत आलं की रस्ता शोधण्यासाठी फोन चालेल, पण ड्रायव्हरचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. शब्द नीट ऐका, ‘हातात धरायचा’. न्यूयॉर्कने २००१ मध्ये केलेला कायदा आणि ब्रिटनने २००३ मध्ये घातलेली बंदी, दोन्हींचा रोख हातातल्या फोनवरच होता. माझा समज असा की हात पोलिसाला दिसतो, कॅमेऱ्याला दिसतो. डोकं दिसत नाही. म्हणून १९६९ पासून माहीत असलेली गोष्ट कायद्यात आलीच नाही, आणि लोकांनी त्याचा अर्थ लावला की हेडसेट लावला म्हणजे आपण सुरक्षित. त्या संध्याकाळी मी एकही नियम मोडला नव्हता.

यात सगळा दोष चालवणाऱ्यावर टाकणंही मला पटत नाही. आमच्या सोसायटीत डिलिव्हरी करणारा एक मुलगा येतो. त्याच्या हँडलवर फोन, आणि नवीन ऑर्डर आली की ती काही सेकंदांत घ्यायची, नाहीतर दुसऱ्याला जाते. त्याला चलान आलं की ते त्याच्या खिशातून. ऑर्डर पाठवणाऱ्याला चलान येत नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली किती फोनमुळे गेली हे पोलीस तरी कसं लिहिणार? मेलेल्याचा फोन खिशात परत जात नाही, पण जिवंत राहिलेल्याचा जातो.

मी काय बदललं ते सांगते. मॅप निघायच्या आधी लावते. फोन स्कूटरच्या डिकीत, हँडलवर नाही. फोनमध्ये ड्रायव्हिंग मोड असतो, तो लावला की मेसेज येतच नाहीत आणि पाठवणाऱ्याला आपोआप उत्तर जातं. आईला आधी राग यायचा. आता तीच विचारते, “पोचलीस का? मग बोलू.” आणि समोरचा गाडीवर आहे हे कळलं की फोन मीच ठेवते. हे सगळ्यात अवघड, कारण लोकांना ते तोडून टाकल्यासारखं वाटतं.

राहिला प्रश्न आपला. म्हणजे या पॉडकास्टचा. तुमच्यातले बरेच जण मला एक्स्प्रेसवेवर ऐकता, हे मला माहीत आहे. स्ट्रेयर यांनी २०१३ मध्ये मेंदूवरचा ताण मोजायची एक पट्टी बनवली. नुसती गाडी चालवणं म्हणजे १, सगळ्यात अवघड काम म्हणजे ५. रेडिओ ऐकणं १.२१. ऑडिओबुक १.७५. हँड्सफ्री फोन २.२७, हातातला फोन २.४५. या दोघांतला फरक बघा, किती थोडा आहे. आणि तोंडाने बोलून मेसेज लिहिणं ३.०६. मी ऑडिओबुकच्या जवळपास कुठेतरी बसत असेन. मोकळ्या रस्त्यावर ठीक, घाटात आणि गर्दीत बंद करा, मी काही पळून जात नाही. पण शेवटी तीन प्रश्न विचारून ‘पहिल्या पाचांना बक्षीस’ म्हणणं म्हणजे मी तुम्हाला ऐकण्यावरून बोलण्यावर ढकलत होते. तेही घाईने. त्या इंडिकेटरच्या टिक-टिकमध्ये माझा वाटा आहे तो हा.

तर आजपासून पहिले पाच बंद. प्रश्न ऑडिओत विचारणार नाही, इथे ब्लॉगवरच टाकणार, भाग आल्यानंतर दोन दिवसांनी. उत्तरं रविवारी रात्री दहापर्यंत कधीही पाठवा, नावं चिठ्ठ्या टाकून काढू. चिठ्ठ्या माझी भाची काढेल, तिने आधीच हक्क सांगून ठेवलाय. पुढच्या भागात जाऊ सातारच्या गादीकडे, गेल्या वेळी अर्धवट राहिलंय ते.