भ्यालेल्या मांजराची साखर

रोग्याची परीक्षा करतांना वैद्याला दोन गोष्टींचें भान ठेवावें लागतें. एक, त्याचा रोग. आणि दुसरी, परीक्षेमुळेंच त्याच्या शरीरांत घडून येणारा पालट. या दोहोंची गल्लत झाली, कीं आंकडा खरा असूनहि निष्कर्ष खोटा ठरतो. मधुमेही मांजराच्या रक्तांतील साखर घरच्या घरीं मोजण्याची पद्धत आज अनेक देशांत रूढ झाली आहे. तिचा इतिहास म्हणजे ही गल्लत ओळखून ती टाळण्यास लागलेल्या जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास होय.

मधुमेहाची ओळख आपल्या देशाला फार जुनी आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें निरीक्षण आयुर्वेदाच्या ग्रंथांत नमूद आहे. १७७६ सालीं मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्यानें मूत्र आटवून त्यांतील गोडी साखरेचीच आहे असें दाखविलें. मूत्रांत साखर म्हणजे मधुमेह, असें समीकरण मग सहजच मनांत बसतें. या समीकरणाला एक मोठा धक्का दिला तो मांजरांनीं.

१९११ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन व त्यांचे सहकारी यांनीं धडधाकट मांजरें चौकटींत जखडून ठेवलीं. जीं घाबरलीं, चवताळलीं, त्यांच्या मूत्रांत साखर उतरली. कांहीं मांजरें पिंजऱ्यांत ठेवून त्यांच्यावर एका कुत्र्याला भुंकूं दिलें, परिणाम तोच. भय वाटतांच वृक्कांवरील ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन स्रवतें, यकृत आपला साखरेचा सांठा रक्तांत सोडतें, आणि पळण्यास अथवा झुंजण्यास स्नायूंना बळ मिळतें. निसर्गाची ही योजना रानांत प्राण वांचविते. दवाखान्याच्या मेजावर मात्र ती वैद्याला चकविते.

या शोधाचें मोल त्या काळीं मांजरांच्या वैद्यकास कळण्याचें कारण नव्हतें, कारण मधुमेहावर औषधच नव्हतें. तें १९२१-२२ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग, बेस्ट, मॅक्लिओड व कॉलिप यांच्या प्रयत्नांनीं हातीं आलें. या शोधासाठीं कुत्र्यांवर प्रयोग झाले, आणि पुढें साठ वर्षें मनुष्याला लागणारें इन्शुलिन गाईबैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढलें गेलें. १९५५ पर्यंत फ्रेडरिक सँगर यांनीं गाईच्या इन्शुलिनची संपूर्ण रचना उलगडली. त्यांत एक्कावन्न अमिनो आम्लें आहेत, आणि मांजराचें इन्शुलिन त्यांतील अवघ्या एका ठिकाणीं निराळें आहे. १९८७ सालीं तर आणखी जवळचें नातें उघडकीस आलें. मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडांत सांचणारा चिकट प्रथिनांचा थर आणि मनुष्याच्या इन्शुलिन स्रवणाऱ्या गांठींत सांपडणारा थर एकाच प्रकारच्या प्रथिनापासून बनतात, असें स्वीडनमधील वेस्टरमार्क व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. उतारवयांतील स्थूल माणसास होणारा मधुमेह आणि मांजराचा मधुमेह हे जणूं सख्खे भाऊ ठरले.

येथें कोणी विचारील कीं, औषध आहे, रोगहि ओळखीचा आहे, मग अडचण कोणती? अडचण मात्रेची. इन्शुलिन थोडें कमी पडलें तर रोग वाढतो. थोडें जास्त झालें तर साखर एकाएकीं उतरून मांजर लटपटतें, त्याला झटके येतात, आणि प्राणहि जातो. मात्रा ठरवावयाची ती रक्तांतील साखर पाहून. पण टोपलींत कोंबून आणलेलें, परक्या वासानें बिथरलेलें मांजर दवाखान्यांत पोहोंचेपर्यंत त्याची साखर भयानेंच चढलेली असूं शकते. वैद्य त्या आंकड्यावर मात्रा वाढवितो, मांजर घरीं येऊन शांत होतें, आणि वाढविलेली मात्रा त्याच्या जिवावर उठते.

यांतून सुटण्याची वाट माणसांच्या रोग्यांनीं आधीं शोधली. रक्ताच्या थेंबानें रंग पालटणारी कागदी पट्टी १९६० नंतरच्या दशकांत आली, आणि १९७० च्या सुमारास तो रंग वाचणारें यंत्र आलें. तें दवाखान्यांकरितां होतें. रिचर्ड बर्नस्टाइन हा अमेरिकन अभियंता लहानपणापासून मधुमेही होता. त्यानें तें आपल्या डॉक्टर पत्नीच्या नांवें मिळविलें आणि दिवसांतून अनेक वेळां स्वतःची साखर मोजून मात्रा बसविली. यंत्र हळूहळू मुठींत मावण्याइतकें लहान झालें. मग २००० सालीं झुरिक विद्यापीठांतील वेस व रॉइश यांनीं मांजराच्या कानाच्या कडेला बारीक टोंचून निघालेला थेंब अशा यंत्रावर मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. थोड्याच काळांत मांजरांच्या मालकांनाहि ती शिकविण्यांत आली. कॅनन यांच्या मांजरांना जो न्याय मिळावयास हवा होता, तो अखेर मिळाला.

रीत साधी आहे. ऊबदार कापडानें कान शेकावा, कडेला टोंचावें, थेंब पट्टीला लावावा, आणि मांजराला आवडता घांस द्यावा. मात्र सावधगिरी हवी. माणसाच्या रक्तांतील साखरेचा बराच भाग तांबड्या पेशींत असतो, मांजराच्या रक्तांत तो फारच थोडा. म्हणून माणसाचें यंत्र मांजराचा आंकडा बहुधा कमी दाखवितें. दुसरा धोका पिचकारीचा. भारतांत एका मिलिलिटरला ४० एककांचें व १०० एककांचें अशीं दोन्ही इन्शुलिनें मिळतात. १०० चें औषध ४० च्या पिचकारींत भरलें, तर मात्रा अडीचपट होते. आणि साखर उतरून मांजर लटपटूं लागलें, तर हिरड्यांना मध चोळून तत्काळ वैद्य गांठावा. मात्रा वाढविणें हें वैद्याचेंच काम. घरचा आंकडा त्याच्या हातीं देण्यासाठीं आहे, त्याला डावलण्यासाठीं नव्हे.

या कष्टाचें फळ कोणतें? २००९ सालीं रूम्प व रँड यांनीं ५५ मांजरांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मालकांनीं घरीं वारंवार साखर मोजून दीर्घकाळ टिकणारें इन्शुलिन दिलें. त्यांतील ६४ टक्के मांजरांना पुढें इन्शुलिन लागेनासें झालें. निदानानंतर सहा महिन्यांच्या आंत हा कडक उपचार सुरू झालेल्यांत हें प्रमाण ८४ टक्के होतें. साखर सतत चढलेली राहिली तर स्वादुपिंडाच्या पेशी थकून मरतात. वेळींच विसांवा मिळाला तर त्या पुन्हां उभ्या राहतात. २०२२ व २०२३ सालीं अमेरिकेंत कांहीं मांजरांसाठीं तोंडानें देण्याचीं औषधें मान्य झालीं, तरी तपासणीची गरज सरलेली नाहीं.

मोठे शोध प्रयोगशाळेंत लागतात हें खरें. परंतु भ्यालेल्या मांजराची खरी साखर कळावयाला प्रयोगशाळा पुरी पडली नाहीं. त्यासाठीं त्याची नेहमींची जागा, ओळखीचा हात आणि रोज ठरल्या वेळीं लिहिलेली एक वही लागली.