चांदणीवाल्या गाडीमागची बाई



आपल्या चिंचोटी नाक्यावर गाड्यांची रांग काही तुटत नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्ग इथून जातो आणि भिवंडीकडचा रस्ता इथंच त्याला मिळतो. ट्रक, टँकर, कंटेनर दिवसरात्र चालूच. पावसाळ्यात त्यात धबधब्याच्या ओढीनं आलेल्यांची भर. अशाच एका खोळंब्यात मी उभी होते. बाजूला भाजीची पाटी घेऊन एक आजी बसल्या होत्या. समोर एक काळी, चकचकीत गाडी अडकली होती. आजींनी विचारलं, "बाय, त्या गाडीच्या नाकावर ती तीन टोकांची चांदणी कसली गं?"

म्हटलं, "मर्सिडीजची खूण आहे ती, आजी. जर्मनीची गाडी. लय महाग असते."

आजी म्हणाल्या, "मर्सिडीज? म्हणजे आपल्या वसईतल्या मर्सीसारखं बाईचं नाव दिसतंय."

मी हसले. घरी येऊन वाचायला बसले, तर आजींचं बरोबर निघालं. ते बाईचंच नाव आहे. आणि त्या नावाच्याही आधी या गाडीच्या गोष्टीत आणखी एक बाई आहे. तिचं नाव बर्था. आज तिचीच गोष्ट सांगते.

बर्थाचा जन्म १८४९ सालचा, जर्मनीतल्या फोर्त्सहाइम गावातला. वडील सुतारकाम आणि बांधकाम करून वर आलेले. असं सांगतात, की घरातल्या बायबलमध्ये तिच्या जन्माची नोंद करताना 'पुन्हा मुलगीच झाली' अशी हळहळ लिहिली गेली होती. आपल्याला यात काही नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे तर मुलीचं नावच 'नकुशी' ठेवत. २०११ साली साताऱ्यात अशा पावणेतीनशेहून जास्त मुलींना नवी नावं द्यायचा कार्यक्रम करावा लागला.

तर ही नको असलेली मुलगी मोठी झाली आणि कार्ल बेंझ नावाच्या इंजिनिअरशी तिचं लग्न ठरलं. कार्लच्या डोक्यात एकच वेड होतं. घोड्याशिवाय चालणारी गाडी बनवायची. हात हुशार, पण खिसा रिकामा. त्यात कारखान्यातला भागीदार बेभरवशाचा. लग्नाआधीच बर्थानं आपल्या हुंड्याच्या पैशातून त्या भागीदाराचा हिस्सा सोडवून घेतला आणि कारखाना वाचवला. १८७२ मध्ये लग्न झालं. त्या काळच्या तिथल्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला आपल्या पैशाचा व्यवहार आपल्या नावानं करता येत नसे. म्हणजे पैसा तिचा आणि सही नवऱ्याची. २९ जानेवारी १८८६ रोजी कार्लनं तीन चाकांच्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या कागदावरही नाव एकट्या कार्लचंच.

गाडी तर झाली, पण घेणारं कोणी नव्हतं. आवाज करणारं, धूर सोडणारं ते धूड बघायला लोक जमायचे आणि बघून निघून जायचे. कार्ल भिडस्त होता. अजून हे सुधारायचंय, अजून ते सुधारायचंय, असं त्याचं चालायचं. बर्थाला मात्र कळलं होतं, की गाडी लांबवर चालते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणी पैसे टाकणार नाही.

१८८८ चा ऑगस्ट महिना. मुलांना सुट्टी होती. एका पहाटे नवरा झोपेत असताना बर्थानं १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड या दोन मुलांना घेतलं, गाडी काढली आणि मानहाइमहून आपल्या माहेरी, फोर्त्सहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. रस्ता घोडागाडीचा. तोवर मोटारगाडीनं इतक्या लांब कोणीच गेलं नव्हतं. नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही!

वाटेत काय काय झालं ते ऐका. इंधन संपलं. पेट्रोलपंप नावाची गोष्टच तेव्हा नव्हती. वीसलॉख नावाच्या गावात औषधाचं दुकान होतं. कपड्यांचे डाग काढायला जे द्रव्य तिथं विकायला असायचं, त्यावरच ही गाडी चालायची. बर्थानं ते विकत घेऊन टाकीत ओतलं. म्हणून त्या औषधाच्या दुकानाला आज जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणतात. पुढं इंधनाच्या नळीत कचरा अडकला. तिनं डोक्यावरच्या टोपीची लांब पिन काढून नळी साफ केली. आपण रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायचो ना, अगदी तसंच. ठिणगीच्या तारेवरचं आवरण झिजलं, तर मोज्याचा पट्टा काढून तारेभोवती गुंडाळला. साखळी बिघडली, तर लोहाराकडून दुरुस्त करून घेतली. इंजिन तापायचं, म्हणून जिथं पाणी दिसेल तिथं थांबून पाणी भरायचं. चढ आला की पोरं उतरून ढकलायची.

उतारावर वेगळीच भीती. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून गेले होते. तिनं एका चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. अंधार पडता पडता माहेरी पोचली आणि नवऱ्याला तार केली, की आम्ही सुखरूप आहोत.

काही दिवसांनी तीच गाडी घेऊन परत आली. येताना नुसती गंमत सांगत आली नाही. चढावर गाडी दम टाकते, ब्रेकला चामडं लागतं, हे सगळं तिनं नवऱ्याला सांगितलं. कार्लनं चढासाठी आणखी एक गिअर बसवला. तिनं सुचवलेलं ब्रेकचं चामडं पुढं गाड्यांना लागू लागलं. या प्रवासाची चर्चा झाली आणि गाडीवर लोकांचा विश्वास बसायला लागला.

मैत्रिणींनो, मला इथं थोडं थांबायचंय. यंत्र बनवतो एक जण, पण ते कुठं दमतं, कुठं अडतं, हे वापरणाऱ्यालाच कळतं. ते ज्ञानच आहे. आमच्या गटाच्या चक्कीचं उदाहरण देते. दुरुस्तीवाला आला की दारात उभ्या असलेल्या पुरुषाला विचारतो, "काय झालं हिला?" दळण दळणारी बाई बाजूलाच उभी असते. पट्टा कधीपासून सरकतोय, कोणत्या धान्याला चक्की ओरडते, हे सगळं तिला ठाऊक असतं. तिला कोणी विचारत नाही आणि तीही आपणहून बोलत नाही. बर्था बोलली आणि तिचं ऐकलं गेलं, म्हणून गाडी सुधारली.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. मर्सिडीज हे नाव कुठून आलं? बेंझच्याच काळात जर्मनीत गॉटलीब डायमलर यांचाही गाड्यांचा कारखाना होता. एमिल येलिनेक नावाचे एक व्यापारी फ्रान्समधल्या नीस शहरात त्यांच्या गाड्या श्रीमंतांना विकायचे. शर्यतीत उतरताना ते स्वतःचं नाव न देता आपल्या लेकीचं द्यायचे. लेक होती मर्सिडीज, जन्म १८८९ चा. या शब्दाचा मूळ अर्थ कृपा. १९०० साली त्यांनी नव्या धाटणीच्या ३६ गाड्यांची मागणी नोंदवली आणि गाडीला लेकीचं नाव मागितलं. १९०२ मध्ये ते नाव कायद्यानं नोंदलं गेलं. पुढच्या वर्षी त्या बापानं स्वतःच्या आडनावालाही लेकीचं नाव जोडून घेतलं. १९२६ मध्ये डायमलर आणि बेंझ या दोन कंपन्या एक झाल्या आणि मर्सिडीज-बेंझ हे जोडनाव तयार झालं. ज्या मुलीचं नाव जगभर फिरलं, तिच्या स्वतःच्या वाट्याला फार सुख आलं नाही. १९२९ मध्ये, चाळिशीही गाठायच्या आत ती वारली.

इतिहास सांगायचा तर त्यातला काळा भागही सांगायला हवा. दुसऱ्या महायुद्धात ही कंपनी हिटलरच्या सैन्यासाठी माल बनवत होती. १९४४ पर्यंत तिच्या कामगारांपैकी जवळजवळ निम्मे जबरदस्तीनं आणलेले होते. बर्लिनजवळच्या तिच्या विमान-इंजिनाच्या कारखान्यात छळछावणीतल्या हजारावर बायकांना राबवलं गेलं. पुढं कंपनीनं हे कबूल केलं आणि भरपाईसाठी पैसे दिले. चकचकीत पत्र्याखाली असेही हात असतात.

ही चांदणी आपल्याकडे आली ती ट्रकवरून. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीनं या जर्मन कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ पर्यंत तो करार चालला. गाड्या मात्र उशिरा आल्या. १९९४ मध्ये कंपनीनं भारतात बस्तान मांडलं, १९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरीत गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि २००९ मध्ये कारखाना चाकणला गेला. म्हणजे नाक्यावर दिसणारी ती परदेशी गाडी पुष्कळदा आपल्या पुणे जिल्ह्यातच जुळवलेली असते.

ज्यांच्याकडे ही गाडी असते त्यांचा अनुभव काय? दोन गोष्टी सांगते. ग्रीस देशात एका टॅक्सीवाल्यानं १९७६ सालची जुनी मर्सिडीज विकत घेतली आणि तिची इतकी निगा राखली, की ती ४६ लाख किलोमीटर चालली. इंजिनं आलटून पालटून बसवली, पण गाडी सोडली नाही. २००४ मध्ये कंपनीनं ती आपल्या संग्रहालयात ठेवली. दुसरी गोष्ट आपल्या पाण्याची. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं, तेव्हा गाडी महाग की स्वस्त हे पाण्यानं विचारलं नाही. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघायची नसते. इंजिनात पाणी शिरलेलं असेल, तर चालू करताच आतले दांडे वाकतात आणि मोठा खर्च बसतो. हे रिक्षालाही लागू आणि मर्सिडीजलाही. निगा राखली तर जुनी गाडीही साथ देते. नाही राखली, तर किमतीचा काही उपयोग नाही.

आणि तिसरा अनुभव आपल्या जिल्ह्याचा, दुःखाचा. याच महामार्गानं चिंचोटीहून शिरसाड, मनोर करत पुढं गेलं की चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल लागतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी तिथं एक मर्सिडीज दुभाजकावर आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागं बसलेले दुसरे गृहस्थ जागीच गेले. पुढच्या सीटवरचे दोघं जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलीस तपासात पुढं आलं.

सुरक्षित गाड्या बनवण्यात या कंपनीचं नाव मोठं. धडक बसली की गाडीचं नाक आपणच चेपावं आणि धक्का तिथंच जिरावा, ही युक्ती तिनं १९५९ मध्येच गाडीत आणली. पण धडकेत गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. तो गाडीच्याच वेगानं पुढं फेकला जातो. त्याला धरून ठेवतो तो पट्टा. कितीही लाखांची गाडी असली तरी हे काम पट्टाच करतो.

मागं बसणाऱ्यानंही पट्टा लावायचा, हा नियम या अपघाताआधीही होता. न लावल्यास १००० रुपये दंड आहे. १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी तो काटेकोरपणे लावायचं ठरवलं. पण आपल्याकडे मागं कोण बसतं? आपणच बसतो. इकोत, जीपमध्ये, मांडीवर लेकरू, पायाशी पिशव्या. पट्टा सीटच्या फटीत गेलेला, नाहीतर कव्हरखाली दाबलेला. पुढच्या वेळी बसताना तो बाहेर काढा. ड्रायव्हरदादा हसले तर हसू द्या. मांडीवरच्या लेकराला आपण हातानं घट्ट धरलंय असं वाटतं, पण धडकेच्या झटक्यात कोणाच्याच हाताला तेवढी ताकद उरत नाही.

जाता जाता एक प्रश्न विचारते. आपल्या गटातून कर्ज काढून किती रिक्षा, किती टेम्पो आले? हप्ता कोण भरतंय? आणि आरसी बुकावर नाव कोणाचं आहे? ज्याचं नाव, तोच कागदावरचा मालक. गाडी विकायची झाली तर सही त्याची. बर्थाला नाव लावायची मुभा तिच्या देशाच्या कायद्यानं दिली नव्हती. आपल्याला आपला कायदा अडवत नाही. आपण मागतच नाही.

बर्था ९५ वर्षांची झाली, त्या दिवशी, ३ मे १९४४ ला, कार्ल जिथं शिकला होता त्या कार्ल्सरूहच्या संस्थेनं तिला मानाचं पद दिलं. दोनच दिवसांनी ती गेली. हुंड्याचा पैसा दिल्यापासून ते मान मिळेपर्यंत सत्तर वर्षांहून जास्त काळ लोटला होता.

आपण इतकी वाट कशाला बघायची? पुढच्या बैठकीत गटाचं कर्जाचं रजिस्टर आणि घरातलं आरसी बुक शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि नाक्यावर त्या आजी भेटल्या, तर त्यांना माझा निरोप सांगा. म्हणावं, तुमचं बरोबर होतं. ते बाईचंच नाव आहे.