षाडवाच्या ७२० ताना
आजचा नांदेड-लातूरचा मुलूख देवगिरीच्या यादवांच्या राज्यात मोडत असे, त्या काळी राजा सिंघणाच्या दरबारात क्रम मोजण्याच्या दोन परंपरा शेजारीशेजारी नांदत होत्या. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (११५०) अंकपाश ही त्यांपैकी पहिली; शंकराच्या दहा हातांतील आयुधे आपसांत बदलली तर ३६,२८,८०० मूर्तिभेद होतात, हे उदाहरण त्यातलेच, आणि सिंघणाचे ज्योतिषी चांगदेव हे भास्कराचार्यांचे नातू होते. दुसरी परंपरा शार्ङ्गदेवाची. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा हा पंडित दरबारच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता, आणि त्याच्या ग्रंथात तो हिशेबनीस पानोपानी जाणवतो.

तीन स्वरांच्या ताना तो सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा अशा ठरल्या क्रमाने मांडतो. या मांडणीला प्रस्तार म्हणतात. प्रस्तार न लिहिता पाचवी तान ओळखणे म्हणजे नष्ट, रेगसा कितवी हे सांगणे म्हणजे उद्दिष्ट, आणि दोन्हींसाठी खंडमेरू हे कोष्टक. पाच स्वरांच्या औडुवाला १२०, सहांच्या षाडवाला ७२०, संपूर्णाला ५,०४०.

या रांगेत ७२० कुठेही वेगळा उठून दिसत नाही. त्याचे वेगळेपण कळायला मोजणीपलीकडची दृष्टी लागते: एका अदलाबदलीवर दुसरी केली की तिसरी मिळते, आणि अशा सर्व अदलाबदलींच्या समूहाला ग्रुप म्हणतात. हा गुणाकार न मोडता ग्रुपमधील घटकांची केलेली फेरमांडणी म्हणजे ऑटोमॉर्फिझम. ती त्याच ग्रुपमधल्या एखाद्या अदलाबदलीने स्वरांची नावे बदलून मिळत असेल तर आंतरिक, नसेल तर बाह्य. ओटो होल्डर यांनी १८९५ मध्ये दाखवले की सर्व अदलाबदलींच्या ग्रुपांपैकी बाह्य ऑटोमॉर्फिझम केवळ सहा वस्तूंच्या ग्रुपलाच लाभतो.

सहा स्वरांच्या जोड्या १५. सहांना तीन जोड्यांत वाटण्याचे प्रकारही १५. आणि त्यांतले पाच प्रकार असे निवडायचे की प्रत्येक जोडी एकदाच यावी, तर अशा निवडी नेमक्या सहा निघतात. सा आणि रे यांची जागा बदलली की या सहा निवडींच्या तीन जोड्या एकदम उलटसुलट होतात. म्हणजे षाडवाच्या पोटात सहांचा आणखी एक संच दडलेला आहे, आणि नावे बदलून तो पहिल्याशी जुळत नाही. सम अदलाबदलींचा (म्हणजे दोन-दोन स्वरांची जागा सम वेळा बदलून मिळणाऱ्यांचा) ३६० घटकांचा ग्रुप, जो लहान ग्रुपमध्ये फोडता येत नाही म्हणून सिंपल म्हणवतो, त्याच्या बाह्य ऑटोमॉर्फिझमच्या ग्रुपमध्ये याच कारणाने चार घटक आहेत. पाच, सात किंवा त्याहून अधिक वस्तूंच्या तशाच ग्रुपला मात्र दोनच.