उसन्या खुणांचा हिशेब

ऑनलाइन अर्जात दूरध्वनी क्रमांकाच्या जागी चुकून अक्षर पडले, तर ती चूक तत्काळ दाखवली जाते. या तपासणीमागे बहुधा ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ असते, म्हणजे मजकुराचा साचा वर्णन करणारी सांकेतिक लेखनपद्धती. तिचा इतिहास उसनवारीचा आहे.

मूळ कल्पना अमेरिकी गणिती स्टीफन क्लेनी यांनी १९५१ मध्ये मांडली. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती संगणकावरील शोधासाठी राबवली. १९८६ मध्ये हेन्री स्पेन्सर यांनी सी भाषेत तिची लायब्ररी लिहून सर्वांसाठी खुली केली. लॅरी वॉल यांच्या पर्ल या स्क्रिप्टिंग भाषेने १९८८ मध्ये तिचा आधार घेतला आणि पुढे तीत अनेक नव्या खुणांची भर घातली. १९९७ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील फिलिप हेझल यांना एक्झिम या ईमेल प्रणालीसाठी हीच सोय हवी होती. त्यांनी पर्लची लेखनपद्धती स्वीकारून सी भाषेत ‘पीसीआरई’ ही लायब्ररी रचली. सीमधून गेलेले ऋण असे वाढून सीमध्येच परतले.

मात्र खुणांबरोबर पर्लची कार्यपद्धतीही आली. एक वाट फसली की मागे येऊन दुसरी धुंडाळायची, ही ती पद्धत. काही साच्यांत अशा वाटा बेसुमार वाढतात. २ जुलै २०१९ रोजी अशाच एका साच्यामुळे क्लाउडफ्लेअरची जगभरातील सेवा सुमारे २७ मिनिटे कोलमडली. गूगलने २०१० मध्ये खुल्या केलेल्या ‘आरई२’ या सी प्लस प्लस लायब्ररीने पर्लच्या बहुतेक खुणा घेतल्या. पण मागे फिरण्यावाचून न चालणाऱ्या खुणा नाकारल्या.

दुसरी मर्यादा आपल्या लिपींशी निगडित आहे. ‘शब्दातील अक्षर’ दर्शवणारी खूण या दोन्ही लायब्रऱ्यांत, वेगळी सूचना न दिल्यास, रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच ओळखते. युनिकोडचा ‘अक्षर’ हा वर्ग वापरला तरी प्रश्न सुटत नाही. ‘मीरा’ या नावातील म आणि र त्या वर्गात बसतात. वेलांटी आणि काना मात्र ‘चिन्ह’ या निराळ्या वर्गात मोडतात. केवळ अक्षरे स्वीकारणारा नियम हे नाव अवैध ठरवतो. बंगाली वा तमिळ नावाचीही हीच गत होते.

म्हणून भारतीय भाषांसाठी नियम लिहिताना अक्षरे आणि चिन्हे हे दोन्ही वर्ग स्पष्टपणे नोंदवावे लागतात. उसनी खूण घेताना तिच्या मूळ धन्याने कोणाला अक्षर मानले होते, हे आधी तपासलेले बरे.