बत्तीस बिऱ्हाडांची चाळ

साठवणुकीच्या बाबतीत मराठी माणसाचा हात कुणी धरेल असं मला वाटत नाही. उन्हाळ्यात पापड-कुरडया, वर्षाचं लोणचं, माळ्यावर मोडक्या छत्र्या आणि तारेत ओवलेली विजेची जुनी बिलं, हे सगळं तो निष्ठेनं जपतो. पण आवाज साठवायचा म्हटलं तर? गाण्याची तबकडी म्हणत नाही मी. तबकडीत वाजून झालेलं गाणं असतं. मी म्हणतोय तो वाद्याचा आवाज. सनईचा सनईपणा, पेटीचा पेटीपणा.

सनईवाल्याला ही चिंता नसते. सनईपणा त्या लाकडात नि पत्तीतच मुरलेला. सिंथेसायझर नावाच्या वाद्याचं तसं नाही. त्याला स्वतःचा असा आवाजच नाही. बटणं फिरवाल तसा तो बासरी होतो, तुतारी होतो, घंटा होतो. कुठल्याही पक्षात शोभून दिसणारी माणसं असतात ना, त्यातला प्रकार. अडचण एवढीच, की बटणं हलली की काल आपण कोण होतो ते तो साफ विसरतो. (इथंही साम्य आहेच.)

१९७० साली अमेरिकेत मिनीमूग निघाला, तेव्हा त्याच्याजवळ स्मरणशक्ती अशी नव्हतीच. केरसी लॉर्ड यांनी तो हिंदी चित्रपटसंगीतात आणला, आणि मुंबईच्या स्टुडिओंतल्या गाण्यांतून आपल्या कानांना ते नवलाचे सूर ऐकू येऊ लागले. पण कालचा आवाज आज पुन्हा हवा असेल तर कोणतं बटण किती वाजल्यावर ठेवलं होतं, ते कागदावर काढून ठेवावं लागे. घड्याळ्याकडे दुरुस्तीला आलेल्या घड्याळांची रांग डोळ्यांपुढे आणा, म्हणजे तो कागद कसा दिसायचा हे कळेल.

ह्या विसरभोळेपणावर तोडगा काढला कॅलिफोर्नियातल्या डेव्ह स्मिथ यांनी. १९७८ साली त्यांनी प्रॉफेट-५ हे वाद्य आणलं. त्यात संगणकाचा छोटा मेंदू बसवला होता आणि तो चाळीस आवाज लक्षात ठेवी. बटण दाबलं की आवाज हजर. वादकांना आनंद झाला. आणि आनंद झाल्यावर माणसाला जे होतं तेच झालं: चाळीस पुरेनात.

शिवाय प्रत्येक कंपनीचं वाद्य आपापल्या घुमीत. याची वायर त्याला चालेना. तेव्हा स्मिथ यांनी १९८१ साली ध्वनिअभियंत्यांच्या परिषदेत एक समाईक भाषा सुचवली. जपानच्या रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनीही हाच ध्यास घेतला होता. आणि जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या एका व्यापारी प्रदर्शनात स्मिथ यांचं प्रॉफेट-६०० आणि रोलंडचं ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्ध्यांची वाद्यं एका वायरीनं जोडली गेली. एकावर बोट ठेवलं, दुसरं बोललं. आपल्याकडे दोन नाटक कंपन्यांनी एकाच पडद्यामागं एकाच पेटीवाल्यावर भागवल्याची कल्पना करून पाहा, म्हणजे ह्या घटनेचं मोल कळेल.

ह्या भाषेचं नाव मिडी. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, निरोप जातो. 'अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोरानं, आता सोडली.' वेग सेकंदाला ३१,२५० बिट.

पण खरी गंमत पुढेच आहे. सूर समाईक झाले तरी प्रत्येक वाद्याचं आतलं यंत्र निराळं. रोलंडच्या आवाजाची कृती यामाहाला काय उपयोगाची? तेव्हा मंडळींनी चाळीतला तोडगा काढला: नळ समाईक, चुली वेगळ्या. निरोपांमध्ये 'सिस्टिम एक्सक्लुझिव्ह' नावाचा एक खासगी लखोटा ठेवला. सुरुवातीला २४० हा आकडा, शेवटी २४७, आणि आत पहिल्यांदा घराचा क्रमांक: यामाहाचा ६७, रोलंडचा ६५, स्मिथ यांच्या कंपनीचा १. लखोटा आपल्या क्रमांकाचा नसेल तर वाचायचा नाही, गुपचूप सोडून द्यायचा. यंत्रं हा नियम पाळतात. मी ज्या चाळीत वाढलो तिथं पोस्टकार्ड मालकाआधी निदान तीन बिऱ्हाडांत वाचलं जाई.

त्याच १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ आला. त्याच्या मुळाशी होता स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाऊनिंग यांचा १९६७ चा शोध: एका सुरानं दुसऱ्याला अतिवेगानं हलवत राहिलं, की तिसराच आवाज जन्माला येतो. (हा अनुभव एकत्र कुटुंबात पूर्वीपासून होता, पेटंट मात्र चाऊनिंगसाहेबांच्या शोधाला मिळालं.) वाद्य लाखाच्या वर खपलं. ह्या डीएक्स-७ च्या पोटात बत्तीस आवाजांची जागा होती. बत्तीस बिऱ्हाडांची चाळच म्हणा ना. प्रत्येक बिऱ्हाडाला १२८ बाइटची खोली आणि दारावर दहा अक्षरांची पाटी.

पण नवा आवाज घडवायचा तर दीडशेच्या आसपास आकडे बसवावे लागत, आणि ते दिसायचे कुठं, तर सोळा अक्षरांच्या दोन ओळींच्या काचेत, एका वेळी एक. किल्लीच्या भोकातून लग्नाची पंगत पाहण्यातलाच प्रकार. त्यामुळे बहुतेकांनी कंपनीनं दिलेल्या आवाजांवरच संसार केला. ऐंशीच्या दशकातली कितीतरी प्रेमगीतं एकाच विद्युत पियानोवर वाजल्यासारखी का वाटतात, त्याचं उत्तर हे.

इथं टेबलावरचा संगणक मदतीला आला. १९८५ साली आलेल्या अटारी एसटीला तर मिडीची भोकं जन्मजातच होती. मॅकिन्टॉशला मध्ये एक डबी लावावी लागे. कॅलिफोर्नियातल्या ऑपकोडसारख्या कंपन्यांनी ज्या आज्ञावल्या काढल्या, त्यांतल्या एका जातीला नाव पडलं 'लायब्रेरियन', म्हणजे ग्रंथपाल. काम साधं. वाद्याला विचारायचं, 'काय आहे तुझ्या पोटात?' वाद्य सगळी चाळ एका लखोट्यात घालून पाठवी. ग्रंथपाल ती उघडून बत्तीस नावं पडद्यावर मांडी. मग ह्या चाळीतला पियानो उचला, त्या चाळीतली घंटा घ्या, वाटेल तशी नवी चाळ वसवा आणि वाद्याला परत पाठवा. एका फ्लॉपीवर अशा शंभराहून अधिक चाळी मावत.

एक मात्र होतं. नवी चाळ वाद्यात शिरली की जुनी बत्तीसही बिऱ्हाडं एका दमात बेघर. म्हणून डीएक्स-७ मध्ये स्मृतीला कुलूप घालायची सोय होती. आधी जुनी चाळ संगणकात सुखरूप पोचवायची, मग कुलूप काढायचं. वागण्याची ही रीत पुढं पुनर्विकासवाल्यांनी उचलली असती तर बरं झालं असतं.

हे सगळं मला कळायचं कारण आमचे मेहुणे. ऐंशीच्या दशकात ते गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत आणि आखातातून परतलेल्या एका ओळखीच्याकडून त्यांनी वापरलेला डीएक्स-७ घेतला होता. दिवसा बँक, रात्री ते वाद्य. "भावोजी, एक आवाज बसवतोय," असं ते मला दोनेक वर्षं सांगत होते. तो आवाज म्हणजे नानांची, माझ्या सासऱ्यांची पेटी. नाना नारायण पेठेत भजनाला पेटी धरत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा माणसं वाचली, पेटी गेली. मेहुणे तेव्हा नऊ वर्षांचे. नानांनी पुन्हा पेटी घेतली नाही. ध्वनिमुद्रण कसलं नि काय! तो आवाज उरला होता तो फक्त दोन मुलांच्या कानांत.

मेहुणे गेल्याला आता काही वर्षं झाली. त्यांचं वाद्य चादरीत गुंडाळून पलंगाखाली होतं. डीएक्स-७ ची सगळी स्मृती आतल्या रुपयाएवढ्या चपट्या सेलवर जगते, आणि तो सेल डाख देऊन पक्का बसवलेला. तो मेला की बत्तीसही बिऱ्हाडं गेली; पुराची गरज नाही. त्यांचा मुलगा संगणकातला. तो म्हणाला, "आतोबा, सेल बदलण्याआधी आवाज बाहेर काढायला हवेत."

त्यासाठी त्यानं मिडीची वायर संगणकाला जोडायचा एक स्वस्त तुकडा मागवला. वाद्य चालू केलं. काचेवर अक्षरं उमटली तेव्हा मी देवाला हात जोडले. भाच्यानं सेलला जोडले. मग त्यानं वाद्यावर पाठवण्याचा हुकूम दिला. चाळ किती? नेमके ४,१०४ बाइट. संगणकात आले तीन हजार आठशे नि काही! त्या स्वस्त तुकड्याला सुटे सुटे सूर झेपत; लांबलचक लखोटा एका दमात गिळताना मात्र तो मधलीच पानं सांडत होता. बरं झालं, लखोट्यात शेवटच्या खुणेआधी एक ताळ्याचा आकडा असतो. सगळ्या बाइटांची बेरीज त्याच्याशी जुळली नाही तर माल अपुरा. जुन्या मुनिमांची ही पद्धत जपानला कुणी शिकवली कोण जाणे!

दुसरा, जरा भारी तुकडा आला. पुन्हा हुकूम. सव्वा सेकंदाहून जरासा अधिक वेळ, आणि ४,१०४ पैकी ४,१०४ हजर. ताळा जुळला. पडद्यावर बत्तीस नावं आली, आणि सतराव्या दारावर इंग्रजी अक्षरांत पाटी: 'नाना पेटी'.

भाच्यानं तो आवाज वाजवला. आमची ही मेथी निवडत होती. हात थांबले. भाचा खालच्या पट्ट्यांकडे सरकला, तशी ती म्हणाली, "खर्जात अजून तसंच घरघरतंय. नानांनी तेव्हाच पत्ती बदलून घ्यायला हवी होती." मेहुण्यांची दोन वर्षं त्या घरघरीतच गेली होती तर.

मग मी भाच्याला विचारलं, की उद्या हा ग्रंथपालच बंद पडला तर? कारण तेही झालेलं आहे. ऑपकोड १९९८ मध्ये गिब्सननं घेतली आणि तिचं काम थांबलं. साउंडडायव्हर नावाचा नामांकित ग्रंथपाल काढणारी एमॅजिक २००२ मध्ये ॲपलनं घेतली. आज तोही नाही. ज्यांनी आपले आवाज अशा आज्ञावल्यांच्या खास बांधणीच्या फायलींत कोंडले, त्यांना कपाट आहे पण किल्ली नाही अशी स्थिती आली. पण ज्यांनी वाद्यानं पाठवलेला लखोटा होता तसाच ठेवला, त्यांचं काही बिघडलं नाही. कारण त्या लखोट्यातला कुठला बाइट काय सांगतो, ते यामाहानं वाद्याच्या माहितीपुस्तकातच छापलं होतं. चूल वेगळी, पण पाककृती भिंतीवर लावलेली! म्हणून आज डेक्स्ड नावाची एक फुकट आज्ञावली तो लखोटा उघडते आणि वाद्याशिवायही ती पेटी वाजवते.

आपल्याकडे कितीतरी खाँसाहेबांनी चिजा पोटात ठेवल्या आणि पोटाबरोबर नेल्या. स्मिथ आणि काकेहाशी यांनी मिडीवर दस्तुरी घेतली नाही; ती सगळ्यांना मोकळी सोडली. २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं. काकेहाशी २०१७ मध्ये गेले, स्मिथ २०२२ मध्ये. मिडी आहे. गंमत अशी, की ज्या यामाहाच्या वाद्यानं नानांची पेटी सांभाळली, त्या घराण्याची सुरुवातही पेटीच्याच कुळातल्या वाद्यानं झाली. तोराकुसु यामाहा यांनी १८८७ साली हामामात्सुच्या शाळेतला पत्त्यांचा एक ऑर्गन दुरुस्त केला आणि मग स्वतः तसा बनवला. त्यांनी पत्ती बदलली असणार. नानांनी नाही बदलली, तेच बरं.

भाच्यानं ती फाईल चार ठिकाणी ठेवली आहे. एक प्रत माझ्याकडेही आहे, विजेच्या बिलांशेजारी. परवा तो म्हणाला, देवनागरीतलं एक अक्षर साठवायला संगणकाला तीन बाइट लागतात. मी हिशेब केला. नानांची अख्खी पेटी, तिच्या घरघरीसकट, १२८ बाइटांत बसली. तेवढ्या जागेत मला आजवर एक वाक्य धड पुरं करता आलेलं नाही.